लाल दिसलं की हळू

परवा सकाळी दोरीवरची पांढरी चादर काढायला गेले, तर तिच्यावर काळे ठिपके. असे ठिपके बोटाने पुसायचे नसतात, रेघ उमटते. त्यावर फुंकर मारायची असते. आमच्या भागातल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी फुंकर मारली. ठिपके उडाले आणि घडी घालेपर्यंत दुसरे येऊन बसले. म्हणजे कारखान्याचं धुराडं पेटलं. उसाचा हंगाम सुरू झाला.

तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. मेथी निवडायला बसते आणि जुडी निम्मी झाली की उठून फाटकाशी जाते. रस्त्याकडे बघते, परत येते, आणि मग पानं कुठली नि देठ कुठले याचा घोळ होतो. काल भाजीत देठच जास्त होते. आमचे हे मुकाट्याने जेवले आणि हात धुताना म्हणाले, "रस्ता काय पळून जाणारेय का?"

रस्ता तिथेच आहे. पण उन्हाळ्यात त्याच्यावर नवं डांबर पडलं, चांगलं जाड, गुळगुळीत. सगळा गाव खूश झाला. त्या डांबराखाली आमच्या फाटकासमोरचा गतिरोधक गाडला गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. कारण पाच हंगाम मी त्याला दर दिवाळीनंतर पांढरे पट्टे मारत आले आहे. लोकांच्या अंगणात तुळस असते, माझा गतिरोधक होता.

श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावाला एरवी कुणी विचारत नाही. पण दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, तेवढ्यात पहिला ट्रॅक्टर जातो. मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर घराच्या पत्र्याला टेकेल इतका उंच ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी दोन कर्णे. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, आणि त्याची शेवटची ट्रॉली जाईपर्यंत मागच्याचं गाणं सुरू झालेलं असतं. त्यांच्या मधून ऊसतोडीच्या टायरगाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, गाडीवर उसाच्या वर बसलेली, डोक्याला फडकं गुंडाळलेली बाई. हवेत मळीचा वास. पाहुण्यांना त्याने मळमळतं, आम्हाला भूक लागते. रस्त्याला दुतर्फा पडलेलं पाचट, आणि ट्रॉलीच्या मागे धावून ऊस ओढणारी पोरं. ट्रॉलीतला ऊस ओढणं आमच्याकडे चोरीत धरत नाहीत. मी स्वतः ओढलाय. लहान होते तेव्हा गाडीवान चाबूक नुसता हवेत वाजवायचा, आणि आम्ही ऊस छातीशी धरून हसत पळायचो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे नेमका यानेच घात केला.

आमची कॉलनी रस्त्याच्या या अंगाला आणि शाळा त्या अंगाला. मी त्या शाळेत इतिहास शिकवायचे, आणि इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं नागरिकशास्त्र. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नागरिकशास्त्र हा विषय असा, की मुलं तो शेवटच्या दिवशी वाचतात आणि शिक्षक शेवटच्या आठवड्यात उरकतात. नागरिकांची कर्तव्ये मी दर वर्षी फळ्यावर लिहिली आणि दर वर्षी स्वतःच डस्टरने पुसली.

साडेदहाला आणि पाचला पोरांचा लोंढा रस्ता ओलांडायचा. भरल्या ट्रॉल्यांना थांबणं ठाऊक नसतं. एकदा मी एका ड्रायव्हरला अडवून झापलं, तर तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, म्या ब्रेक मारतो वो, पन मागचा लोड मला ढकलीतो. लांबनं काई दिसलं तर हळू घेता येतं. पोरगं लांबनं दिसत न्हाई."

पाच वर्षांपूर्वीच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीची सायकल ट्रॉलीच्या चाकाखाली गेली. मुलगी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. सायकलचं मागचं चाक पापडासारखं दुमडलं. आमच्या कॉलनीतले जाधव तात्या, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, ते चाक घरी घेऊन गेले आणि स्वतःच्या फाटकाला टांगलं. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू द्या," म्हणाले. तात्यांचा आवाज असा, की शेवटच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसाला तिकीट काढायला लावील.

तात्यांनी अर्ज लिहिले. ग्रामपंचायत म्हणाली, रस्ता आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे रस्ता होता ते म्हणाले, मंजुरी वरून येते. कारखान्याच्या गेटवर सांगितलं, ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडला की आमचं काम सुरू होतं, रस्त्यावरचं आम्ही काय सांगणार. प्रत्येक ठिकाणी तात्यांनी पोच घेतली. पोचेचे कागद त्यांनी बसच्या तिकिटांसारखे नीट लावून ठेवले होते. आणि एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर ते कागद हातात धरून म्हणाले, "एवढी तिकिटं काढली, पण गाडी काही हलंना. चला, आपणच घालू."

त्या रविवारची सकाळ अजून माझ्या अंगावर आहे. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. ज्यांचं घराचं काम चालू होतं त्यांनी वाळू दिली, कुणी सिमेंटचं अर्धं पोतं काढलं, कुणी घमेली आणली. राघू गवंडी आमच्यातलाच. एरवी त्याला बोलावलं की "उद्या येतो" म्हणायचा, तो त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. आम्ही बायकांनी पाणी आणलं, बँकेतल्या साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खडी वाहिली. दोन माणसं दोन्ही बाजूंना उभी राहून ट्रॉल्या एका कडेने सोडत होती. पंधरा घरांतली माणसं, आणि पहिल्यांदाच कुणी कुणाच्या सांडपाण्यावरून भांडत नव्हतं. दुपारपर्यंत रस्त्याला आडवा एक छान गोलसर उंचवटा तयार झाला. तात्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. पेढे वाटले. सगळ्यांनी त्याच्यामागे उभं राहून फोटो काढले आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर स्टेटस लागलं. मला इतका आनंद झाला होता की राघूच्या बायकोला मी मिठीच मारली. वीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं ते मी पहिल्यांदा हाताने केलं होतं.

राघू म्हणाला, "दोन दिस रंग लावू नगा. वल हाय, धरनार न्हाई. तवर काईतरी खूण ठिवा."

"ते बाईंकडे," तात्या म्हणाले. "बाई नागरिकशास्त्र शिकवतात."

सगळे हसले. मीही हसले आणि काम घेतलं. घरात ओटीत आलेले ब्लाऊजपीस पडलेले असतातच. एक लालभडक, हिरव्या काठाचा, चार घरं फिरून आलेला होता. तो मी मधोमध फाडला. "ओटीतला खण फाडू नये," सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या. आता हे निशाण लावायला काठी हवी. काठी शोधायला कोण जातो? रस्त्याच्या कडेला ट्रॉलीतून पडलेले, चांगले पुरुषभर उंचीचे ऊस पडले होते. आम्ही दोन ऊस उचलले, वाळूने भरलेल्या दोन डब्यांत रोवले, त्यांना लाल निशाणं बांधली आणि गतिरोधकाच्या दोन टोकांना उभे केले. फार सुंदर दिसत होते. उसाच्या हंगामात, शाळेच्या दारात, रस्त्यावर आम्ही ऊस रोवला आणि तो तिथेच राहील असं धरून चाललो. अख्ख्या कॉलनीत एकालाही, मला धरून, शंका आली नाही.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभी होते तेव्हा हौसाबाई फडाकडे चालली होती. हौसाबाई म्हणजे आमच्या गावची वाढे विकणारी बाई. ऊस तोडला की वरचा हिरवा शेंडा राहतो, तो म्हणजे वाढे. ती ते गोळा करून पेंढ्या बांधते आणि गाई-म्हशी असलेल्या घरी विकते. हंगामाचे चार महिने तिचं घर त्याच्यावर चालतं. अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ. उसाला बांधलेलं लाल फडकं बघून ती थांबली, त्याला हात लावून बघितलं.

"काय वो बाई, चांगला खण वाया घालवला. मला दिला अस्ता तर म्या चोळी शिवली अस्ती की."

"खाली बघ की, काय केलंय ते."

तिने उंचवट्यावर पाय देऊन बघितला. "बरं केलं, बाई. लई मोकाट जात्यात. आता लाल दिसलं की गडी हळू घेतील."

त्याच दिवशी पाच वाजता मी शाळेतून आले. डबे आडवे झाले होते. ऊस नव्हते. एक फडकं कुठे गेलं कुणास ठाऊक, दुसरं धुळीत पडलेलं, आणि त्याच्या शेजारी चोथा. ताजा, चावून टाकलेला पांढरा चोथा. मला राग आला, मग हसू आलं. आमचं सावधान चिन्ह गावाने खाऊन टाकलं होतं.

मी ते फडकं उचललं. चिखल-धूळ लागली होती, म्हणून घरी येऊन नळाखाली धरलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं. म्हटलं, गच्चीवर सळईचा तुकडा पडलाय, चहा घेऊन त्याला बांधू. चहा घेतला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिला मी काय सांगत होते? गतिरोधकच सांगत होते. अर्ज, पोच, वाळू, नारळ, बँकेतल्या साहेबांची दुमडलेली पँट. "आम्ही कुणाची वाट बघितली नाही," असं मी तिला म्हणत होते, आणि बाहेर दिवेलागणीच्या अंधुक उजेडात आवाज झाला. आधी मोटारसायकल घसरल्याचा, मग एका बाईचा.

बाहेर गेले तर रस्ताभर हिरवी वाढी पसरलेली. बबनराव, हौसाबाईचा नवरा, मोटारसायकल उचलायचा प्रयत्न करत होता. हौसाबाई मागे पेंढ्यांवर बसली होती, ती उडून पडली होती. तिला शेजारच्या दोघींनी धरून आमच्या फाटकाच्या पायरीवर आणून बसवलं. उजवा हात कोपराजवळ भलत्याच दिशेला वळला होता. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून समोर माझ्या अंगणात बघत होती. मी तिला तांब्याने पाणी पाजलं. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

बबनराव ओरडला, "कुनी घातलं हे मधी? कुनी घातलं?"

पंधराच्या पंधरा घरांतली माणसं जमली होती. आदल्या दिवशी फोटोत पुढे यायला धक्काबुक्की करणारी. कुणी बोललं नाही. तात्यांचा तो आवाज, तोही नाही. मी तांब्या घेऊन उभी होते, मीही नाही.

जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. मी घरात आले, दोरीवरचं फडकं काढलं. ते वाळलं होतं. ते मी कपाटात साड्यांच्या खाली सारलं, चोराने चोरीचा माल ठेवावा तसं. मग रांगोळीचा डबा घेऊन बाहेर गेले आणि सगळा गतिरोधकावर उपडा केला. येणारी प्रत्येक ट्रॉली त्यातली थोडी रांगोळी चाकाला घेऊन जात होती आणि मी परत हाताने सारखी करत होते. शेवटी आमच्या ह्यांनी मला दंडाला धरून आत आणलं आणि स्वतः टॉर्च घेऊन तिथे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून एक हवालदार आले. "हे काम कुणाचं?" तात्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, आम्ही सकाळी उठलो तर होतंच." हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शाळेची वेळ झाली." तोपर्यंत सगळ्यांची स्टेटसं काढून टाकून झाली होती. राघू तर आठ दिवस सासुरवाडीला जाऊन राहिला. कष्ट करायला आम्ही सगळे होतो, नाव सांगायला एकही नव्हता. आणि मला वाटतं, तो दिवस काही वेगळा नव्हता, आम्ही नेहमीचेच होतो. रविवारीच काय ते वेगळे झालो होतो.

चार दिवसांनी मी शिऱ्याचा डबा घेऊन तिच्या घरी गेले. सांगायचं ठरवून गेले होते. रस्ताभर वाक्य घोकत होते. हौसाबाई खाटेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. मला बघून तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"म्या ह्यांना सांगिटल्यालं," ती म्हणाली. "पुढं उंचवटा केलाय, लाल दिसलं की हळू घ्या. म्या वाटच बघत हुते वो लालची. लालच दिसंना. मला वाटलं अजून लांब हाय."

माझ्या तोंडात घोकलेलं वाक्य होतं. ते तसंच गिळलं. चहा फार गोड होता, तोही गिळला. निघताना ती म्हणाली, "कालनीतल्या तुमी तेवढ्या आल्या, बाई." यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

गतिरोधक राहिला. तो काढायचीही कुणाला छाती झाली नाही, कारण काढणाऱ्याला विचारलं असतं, तुझा होता का? मी त्याला रंग दिला. त्या वर्षी पोरं सुखाने रस्ता ओलांडायला लागली. ट्रॉल्या लांबूनच हळू व्हायच्या, ड्रायव्हर गाणं बारीक करायचे. काम चांगलंच होतं, हे मला मान्य करावं लागतं, आणि मान्य केलं की जास्तच अस्वस्थ व्हायला होतं. वाईट काम असतं तर एकदाच शरमून मोकळी झाले असते.

सव्वीस जानेवारीला तात्यांनी माझा सत्कार ठेवला. प्रकरण थंड झालं होतं, आता नाव सांगायला हरकत नव्हती, आणि नाव माझं निघालं. शाल, श्रीफळ, "जागरूक नागरिक". मी ताप आल्याचं सांगून घरात बसले. शाल घरपोच आली. तीही कपाटात गेली, फडक्याच्या वर.

तेव्हापासून दर हंगामात माझं हे असं होतं. दिवाळी झाली की डबा आणि ब्रश घेऊन रस्त्यावर बसायचं. येणारेजाणारे म्हणतात, बाईंना किती कळकळ! कळकळ कसली, खरूज म्हणा. खाजवल्याशिवाय राहवत नाही आणि खाजवून बरी होत नाही. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की मी बोलता बोलता थांबते, ती उंचवटा ओलांडून पुढे गेल्याचा आवाज येईपर्यंत. आमच्या ह्यांना याची सवय झाली आहे. तेही आता माझ्यासाठी थांबतात, घास हातात धरून.

आणि हौसाबाई रोज सकाळी दारावरून जाते. तिचा उजवा हात कोपरात अर्धाच उघडतो. कोयता धरवत नाही. आता वाढी सून तोडते, ही विकते. पाच हंगाम मी तिच्याकडून रोज एक पेंढी घेते. आमच्या घरी गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. पेंढी मी मागच्या दाराने तात्यांच्या गाईला नेऊन घालते. हौसाबाईने एकदाही विचारलं नाही, बाई, कुणाला घालता? एवढी फटकळ बाई, पण हे विचारलं नाही. मला ते तिचं भिडस्तपण वाटायचं. शहाणपण शिकवून वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याचं शहाणपण लवकर ओळखू येत नाही.

तर परवा धुराडं पेटलं आणि काल पहिल्या ट्रॉल्या नव्या गुळगुळीत रस्त्यावरून सुसाट गेल्या. संध्याकाळी आम्ही पुन्हा पारावर जमलो. तात्या आता काठी टेकत येतात. कॉलनीत नवी घरं झाली आहेत, नवी माणसं आहेत. एक तरुण इंजिनिअर मोबाईलवर गतिरोधकाची योग्य उंची दाखवत होता. तो म्हणाला, "परवानगी नसेल तर उद्या रविवारच आहे, पहाटे घालून टाकू. विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, "पहाटे नको, दिवसाउजेडी. आणि ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यायचं, हे आम्ही करतोय म्हणून. खाली नावं लिहायची. पहिलं माझं."

"बाई, उद्या कुणी पडलं बिडलं तर?" कुणीतरी विचारलं.

"म्हणूनच," मी म्हटलं.

लांबून एका ट्रॅक्टरचं गाणं आलं आणि गेलं. मग तात्यांनी काठी बगलेत धरली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "दुसरं माझं घ्या. मागच्या वेळी माझं तिकीट काढायचं राहिलं होतं." तिसरं राघूने लिहिलं. अक्षर वाईट, पण नाव पूर्ण, बापाच्या नावासकट. सगळ्यांनी नाही लिहिलं. नऊ घरांनी लिहिलं. ग्रामसेवकाने त्याच रात्री पत्रावर शिक्का मारला आणि म्हणाला, "नावं घालून पत्र आलेलं मी पहिल्यांदाच बघतोय."

आज सकाळी गतिरोधक झाला. नारळ फोडला नाही. दोन्ही बाजूंना डांबराची रिकामी पिंपं उभी केली, त्यांत वाळू भरून सळया रोवल्या. मी कपाटातून ते फडकं काढलं. पाच वर्षं घडीत राहून मधोमध पांढरी रेघ पडली होती. एका सळईला ते बांधलं, दुसरीला नवं. आणि खुर्ची टाकून तिथे बसले. रंग लागेपर्यंत रोज असंच बसायचं, हे ठरवून. फोन घरात ठेवला.

पाच वाजून गेले होते. ऊन उतरत होतं. हौसाबाई फडाकडून चालत आली, डोक्यावर एक छोटी पेंढी. पिंपापाशी थांबली. फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेंढी खाली ठेवून रस्त्याच्या कडेला टेकली.

मी म्हटलं, "हौसाबाई, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी ऊस पोरांनी नेले होते. फडकं खाली पडलं होतं. ते मी उचललं. लगेच बांधायला पाहिजे होतं. मी धुऊन वाळत घातलं आणि फोनवर बोलत बसले. तू लालची वाट बघत होतीस आणि लाल माझ्या घरी होतं."

पाच वर्षं अडलेलं वाक्य एवढंसंच निघालं. मला रडू फुटलं, भर रस्त्यात, खुर्चीवर बसून.

हौसाबाई पदराने तोंडावरची धूळ पुसत होती. म्हणाली, "ठावं हाय मला."

"काय?"

"म्या तुमच्या पायरीवर बसल्ते न्हवं का. तुमी पानी पाजीत हुता. म्होरं दोरीवर ह्योच खण वाळत हुता. हिरव्या काठाचा. सकाळीच तर म्या त्याला हात लावून गेल्ते."

"मग पाच वर्षं..." मी म्हटलं.

"तुमी सांगाल म्हनून वाट बघितली. रोज पेंढी घेता, रोज वाटायचं, आज सांगत्यात." ती उठली. गुडघा धरून उठली, उजवा हात तसाच अर्धा मुडपलेला. सळईजवळ गेली आणि फडकं ओढून बघितलं. माझी गाठ लगेच सुटली.

"ही काय गाठ हाय? वाऱ्यानं जाईल," ती म्हणाली. "या हिकडं. माझा ह्यो हात चालत न्हाई. एक टोक तुमी धरा."

मी उठले आणि टोक धरलं.